उपाशीपोटी

नांदेडच्या त्या हार्मोनच्या दवाखान्यात नंबर लागणं म्हणजे काही गंमत नाही बघा. डॉक्टरीणबाई हैदराबादहून महिन्यातून एकदाच येतात. त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, दुपारपर्यंत रिपोर्ट, मग तपासणी. रिपोर्ट नसेल तर बाई पहिली गोळी लिहीतच नाहीत. आणि तारखा देणाऱ्या शिवकांतामॅडम फोनवर अशा दरडावतात, की माणसाला वाटावं आजारी पडून आपण गुन्हाच केलाय.

अहमदपूरच्या पुनमला मात्र ते दरडावणंही गोड लागायचं, कारण मॅडम तिला पुनम म्हणायच्या. आधार कार्डावर ती हरिओम. जन्मली मुलगा म्हणून, पण मनानं कळत्या वयापासून मुलगीच, आणि आता अंगानंही तसं व्हायला निघालेली. घरी ब्लाउज शिवायची. हात इतका साफ की लग्नसराईत बायकांची दारात रीघ. नाकं मुरडायच्या त्याही, पण शिवून न्यायच्या हिच्याकडूनच!

घरात दुसरी फक्त माय, धोंडाबाई. पुनम पहिल्यांदा साडी नेसली त्या दिवसापासून मायनं तिला हाक मारणंच सोडलं. 'रे' म्हणवेना, 'गं' तोंडातून निघेना. "भाकर झाकून ठेवलीय," असं भिंतीकडं बघून सांगायची. आता भिंत काय जेवणार होती? पुनम गिळायची दोन घास आणि मशीनवर बसायची. तिला गोळ्यांची आस होती, खोटं कशाला बोला. पण त्या एका 'गं'साठी तिचा जीव त्याहून जास्त तुटायचा. शेजारची शरणम्मा आपल्या पोरीला "अगं ए भवाने" म्हणून शिव्या घालायची, तर हिला त्या शिव्यांचाही हेवा वाटायचा.

तारीख दोनदा हुकली होती. एकदा बाईच आल्या नाहीत, एकदा हिलाच ताप. तिसऱ्यांदा मॅडमचा फोन आला तेव्हा हातात कात्री होती, म्हणून पुनमनं तो स्पीकरवर टाकला.

"पुनम, उद्या उपाशीपोटी यायचं. नुसतं पाणी चालेल. आता चुकलीस तर मी नाही बाई जबाबदार!"

माय चुलीपाशी होती. कान मात्र फोनकडं.

सकाळी पुनम पहिल्या एसटीसाठी आवरून बाहेर आली, तर ताट वाढलेलं. गरम भगर, शेंगदाण्याची आमटी, वर तुपाची धार.

"उपास सांगितलाय न्हवं त्या बाईनं?" माय म्हणाली. या बारीला भिंतीकडं बघून नाही. "लई लांब जायाचं हाय. चक्कर यील. खाऊन घे गं."

'गं' म्हणाली माय! सांगायला एक वाक्य पुरलं असतं, की माय, हा तसला उपास नव्हं. पण ताट सरकवलं आणि मायनं पुन्हा तोंड फिरवलं तर? ती खाली बसली. रडत रडत खाल्लं, आमटी पुन्हा मागून घेतली.

मग अंगणात जाऊन तिनं फोन लावला.

"भगर? अगं, उपाशी म्हणजे उपाशी! शिकलेली ना तू?" मॅडम कडाडल्या. "आता पुढच्या महिन्यात. माझ्या हातात काही नाही."

फोन ठेवून वळली तर दारात माय उभी.

"का वरडत हुती ती?"

"रक्त द्यायचं हुतं, माय. काहीच खायचं नव्हतं. आता महिनाभर थांबावं लागतंय."

धोंडाबाईनं तोंडावर पदर धरला. "आगं माय माय! तुला ठावं हुतं?"

"हाव."

"मग खाल्लीस कशाला गं, येडे?"

"तू वाढलंस म्हणून," पुनम म्हणाली.