कोपऱ्यातली खोली

फाट्यावर एसटीत चढले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तिथं कुणाला ओझं होऊ नको, लेकी." नवरा चाकणच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. लातूरकडचं गाव सुटलं आणि कासारवाडीच्या चाळीतली एक खोली मिळाली. ओळीनं आठ खोल्या, त्यांत मिळून एक नळ, एक संडास. गावाकडं तुम्ही घरचे सगळे "पोरगी पुण्याला राहते" म्हणून मिरवायचात, मीही खोडून काढत नव्हते.

मग कोरोना आला. कंपनी बंद, पगार बंद. गावी निघावं तर भावाचा फोन, "ताई, गावाच्या रस्त्यावर काट्या टाकून वाट बंद केलीय, आत्ता येऊ नकोस." रागावले नाही मी, खरंच. पण त्याच आठवड्यात नवऱ्याला लागण झाली. महापालिकेच्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटला वेगळी खोली, वेगळं टॉयलेट आहे का?" मला हसूच आलं. समोरच्या सोसायटीत लोक बेडरूमचं दार लावून आजारी पडत होते. कोविड सेंटरमध्ये जागा नव्हती आणि माझी तान्ही लेक त्याच खोलीत होती. तिला काही झालं तर?

कोपऱ्यातल्या खोलीत सुमनकाकू राहायच्या, चाकणजवळच्या खेड्यातल्या. त्यांनी देव, भांडी, गाद्या उचलल्या आणि खोली मोकळी केली. "तिथं ठेव त्याला. आमचं काय, आमी कुठंबी पडू." त्यांच्या घरची पाच माणसं चाळभर वाटली गेली, काकू माझ्याकडं.

चाळीतल्या पुरुषांची हयात कंपनीत गेलेली. त्यांनी चाळीलाच शिफ्ट लावली. संडास आधी बाकीच्यांना, शेवटी आजाऱ्याला, मग फिनेल. झोपसुद्धा शिफ्टनं. शिफ्ट सुटताना मशीनचा ताबा देतात तसा उठणारा पुढच्याला अंथरुणाचा चार्ज द्यायचा, "घे भावा, उशी गरम करून ठेवलीय." माझ्यासारखे गाव सोडून आलेले ओळखतील ही माणसं. मी मात्र आजही थक्क होते. कुणी सांगितलं होतं त्यांना हे सगळं?

नवरा बरा झाला, लेकीला साधी शिंकही आली नाही. खोली धुऊन काकूंना परत द्यायची, तर त्याच दिवशी काका तापानं फणफणले. काकू माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "व्हय गं, आता माझा तुझ्याकडं ओव्हरटाइम." हसल्या आणि काकांची गादी उचलायला वळल्या. काकाही त्याच खोलीतून चालत बाहेर आले. देवाची दया.

आता पिंपळे गुरवला आमचा फ्लॅट आहे, बेडरूमला दार आहे. तुम्ही फोनवर विचारता, घर कसं आहे? छान आहे. पण घर म्हटलं की मला काकूंची ती खोलीच दिसते, जिथं मी एक रात्रसुद्धा झोपले नाही.