कॉमिक्सला कवडी लावणारा माणूस

काला पतंग या कॉमिक्सचा पहिला अंक मी छापखान्यातल्या कटिंग मशीनखाली ठेवला आणि तिन्ही बाजूंनी कापून आणला. शुद्धीत होतो. दिवसाढवळ्या केलं, आणि वर मशीनवाल्याला चहा पाजला. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांना अंक मूळ मापाचाच लागतो; त्यांच्यापैकी कुणापुढेही हे बोलून पाहा. भर मांडवात नवरीचे केस कापून आलेल्या माणसाकडे पाहावं, तसा तो तुमच्याकडे पाहील. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही. कारण अख्ख्या वणीत ज्या एका माणसाला हे कळत होतं, त्याच्याच ओट्यावर माझी संध्याकाळ जायची. ते ग्रेडर काका.

काकांना ग्रेड लावल्याशिवाय जगातलं काही दिसतच नसे. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि एक शब्द बोलायचा: सुपर, फेअर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे पिवळा पडलेला, डागी माल. ही सवय पुढे हंगामापुरती राहिली नाही. पंगतीत वरणाला फेअर, बुंदीला सुपर, यजमानांच्या आग्रहाला कवडी. माझ्या लग्नात ते स्टेजवर आले, मला खालून वर पाहिलं, मग माझ्या बायकोला पाहिलं आणि हात मिळवता मिळवता माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, मिक्स लॉट हाये."

कापसाचे दिवस तेव्हा वाईट होते. केंद्र उशिरा उघडायचं, मध्येच बंद पडायचं, आणि भाव पडला की लोक त्याचा राग समोर उभ्या असलेल्या माणसावर काढायचे. समोर काका असत. ज्याच्या मालाला फेअर लागलं तो म्हणे, ग्रेडरने पैसे खाल्ले. ज्याला सुपर लागलं तो म्हणे, एवढ्याशा भावात सुपर म्हणून आमची थट्टा कायले करता? काकांचं उत्तर ठरलेलं: "भाव बाजार ठरवते. मी फक्त ग्रेड ठरवतो." या उत्तराने आजवर कुणाचं समाधान झाल्याचं मी पाहिलं नाही. एकदा घरी ते काकूंना म्हणाले, आपण ग्रेड सांगावी आणि समोरच्याने वाद न घालता मान हलवावी, असं नोकरीत एकदाही झालं नाही. तेवढं एकदा पाहायचं आहे. काकू भाजी निवडत होत्या. "मी लग्नापासून मान हलवून राह्यले," त्या म्हणाल्या, "ते काही तुमाले दिसलं नाही."

कॉमिक्सकडे ते वळले ते हंगाम नसतानाचा वेळ जावा म्हणून. बसस्टँडजवळ त्यांनी भाड्याने कॉमिक्स द्यायची टपरी टाकली होती. मग घरोघर केबल आली आणि पोरं टपरीकडे फिरकेनाशी झाली. बाकीच्या टपरीवाल्यांनी गठ्ठे रद्दीत घातले. काका उलट रद्दीवाल्यांकडून तेच गठ्ठे किलोने विकत घ्यायला लागले. वणीत त्यांची बरीच करमणूक झाली. मग एका दिवाळीत पुण्याला कॉम्प्युटरमध्ये लागलेला एक पोरगा गावी आला आणि भावसुद्धा न विचारता लहानपणचे अंक उचलून घेऊन गेला. काकांच्या लक्षात आलं की ज्यांच्या आयांनी त्यांची कॉमिक्स रद्दीत घातली, ती पिढी आता कमवायला लागली आहे.

त्यानंतर बाजाराने जे रंग दाखवले, त्यापुढे कापूस साधा म्हणावा. भाव चढला. मग कुणीतरी सगळी कॉमिक्स सीडीवर चढवून विकायला काढली आणि भाव धाडकन पडला. मी काकांना म्हटलं, कागदाचा जमाना संपला, आहे ते काढून टाका. त्यांनी ऐकलं नाही. मी मात्र स्वतःचा सल्ला मनावर घेऊन माझ्याकडची सगळी कॉमिक्स विकली. पुढच्याच उन्हाळ्यात सीडी पाहून पाहून कंटाळलेल्या लोकांना अस्सल कागद हातात धरावासा वाटायला लागला आणि भाव दुप्पट झाला. मी चित्रकलेचा मास्तर. व्यापारातली माझी समज इथवरच.

कॉमिक्स तपासायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. अंक आधी नाकाशी न्यायचा, मग उन्हात धरायचा, मग पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवायचा. पिन गंजली असेल तर फेअर. नायिकेला कुणी मिशा काढल्या असतील तर कवडी. शेवटच्या पानावर कोडं असे, ते कुणी पेनाने सोडवलेलं असलं तर काका आधी उत्तर बरोबर आहे का ते पाहत, आणि चुकलेलं असलं तर आणखी एक ग्रेड खाली उतरवत. राजूरकडचा माल ते डोळे मिटून ओळखायचे. तिथे कोळशाच्या खाणी. पानांच्या कडांवर काळे अंगठे उमटलेले असायचेच. कितीही चांगला असला तरी राजूरच्या अंकाला फेअरच्या वर ते जात नसत.

एकदा झरी जामणीकडचे एक शेतकरी पिशवी घेऊन आले. आदल्या हंगामात काकांनी त्यांच्या कापसाला कवडी लावली होती, आणि ते दोघेही विसरलेले नव्हते. पोरं होस्टेलवर गेली, त्यांची कॉमिक्स विकायची होती. काकांनी एकेक अंक पाहिला. ना घडी, ना डाग, ना नाव. "सुपर," काका म्हणाले. मला वाटलं, आता तरी मान हलेल. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "पोराईच्या पुस्तकाले सुपर, आन् माह्या कापसाले कवडी. साहेब, एखाद्या वर्षी उलटं करून पाहा." त्या दिवशी काकांनी चहालाही ग्रेड लावली नाही.

मग आले नागपूरचे दातांचे डॉक्टर. काला पतंगचे सगळे अंक त्यांना हवे होते. काकांनी एसटी पार्सलने थोडे थोडे पाठवले, प्रत्येकावर ग्रेडची चिठ्ठी. डॉक्टर भिंग लावून तपासत आणि फोन करून शंका काढत. शेवटी त्यांनी सांगून टाकलं: पुढच्या रविवारी स्वतः येतो, उरलेला संच पाहतो, ग्रेड जुळली तर नागपुरातल्या सगळ्या जमवणाऱ्यांना सांगेन की, वणीच्या माणसाने पाहिल्याशिवाय जुना अंक घेऊ नका. हा फोन आल्यापासून काका घरात इस्त्रीचा शर्ट घालून वावरू लागले. संचात फक्त पहिला अंक नव्हता.

तो मी शोधला. राजूरला खाणीतून रिटायर झालेल्या एका माणसाकडे होता. त्याला पैसे नको होते, त्याचं चित्र काढून पाहिजे होतं. मी काढलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं, मिशी आपलीच आहे हे मान्य केलं आणि मन मोठं करून अंक दिला. आत कोरा करकरीत, पण कडांवर तेच काळे अंगठे. म्हणजे काका फेअर लावणार. मला वाटलं, काकांच्या आयुष्यातला एवढा मोठा रविवार, आणि पहिला अंक फेअर? काळेपणा कडेलाच तर आहे. कडच काढून टाकली तर? पुढचं तुम्हाला माहीत आहे.

रविवारी डॉक्टर फाटकातून आत येत असतानाच मी तो काकांच्या हातात ठेवला. काकांचा अंगठा कडेवर थांबला. मी कौतुकाच्या अपेक्षेने हळूच सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तोवर डॉक्टर सतरंजीवर येऊन बसले, अंक उचलला आणि हरखून गेले. एवढ्या जुन्या अंकाच्या इतक्या स्वच्छ कडा त्यांनी पाहिल्या नव्हत्या. हा तर सुपरच, असं तेच म्हणाले. काकांना आता काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मी त्यांचा गुडघा दाबला.

काकांनी माझा हात बाजूला केला. पहिला अंक घेतला, बाकीच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि पत्ते जुळवावेत तसा गठ्ठा जमिनीवर आपटला. सगळे अंक एका रेषेत आले. एकच आत राहिला, नखभर.

"कापलेला हाये, डॉक्टरसाहेब," काका म्हणाले. "कवडी."

डॉक्टरांनी विचारलं, कुणी कापला?

"माह्या घरातून माल निघून राह्यला. म्हंजे मीच."

डॉक्टरांनी त्या नखभर फटीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मान हलवली. वाद नाही, शंका नाही, भिंग नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या, त्यांनीही ती मान हलताना पाहिली. बाकी संच घेऊन डॉक्टर गेले. मी मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहत बसलो. काकांनी एवढंच विचारलं की मशीन कोणाची होती, आणि म्हणाले, "धार चांगली हाये त्याची."

त्यानंतर वणीला पार्सलं यायला लागली. आपल्याच मालाला कवडी लावणारा एक माणूस आहे, असं डॉक्टर सगळीकडे सांगत होते. कापसाच्या केंद्राला कधीच कुलूप लागलं, पण ग्रेडर काकांचा हंगाम बारा महिने चालला. फोन येत, ते एक शब्द बोलत, पलीकडे शांतता होई. त्या शांततेत पलीकडच्याची मान हलत असणार, याची त्यांना खात्री होती.

बरीच वर्षं हे चाललं. मग काका सगळ्यालाच कवडी लावायला लागले. गेल्या महिन्यात छापलेला अंक पिवळा, काकूंचं नवं पातळ पिवळं, मी पिवळा. फोनवर भांडणं होऊ लागली. दातांचे डॉक्टरच म्हणाले, कागद सोडा, डोळे दाखवा. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि आता सगळंच पांढरंशुभ्र. रद्दी सुपर, राजूरचा माल सुपर. मी काढलेलं एक चित्र ओट्यावर पडलं होतं, ते उचलून म्हणाले, "मास्तर, बरं जमलं हो." त्याच दिवशी त्यांनी पार्सलं परत पाठवली. माही ग्रेड मलेच पटून राह्यली नाही, ते म्हणाले, तं दुसऱ्यानं मान कायले हलवावी?

मुलीकडे अकोल्याला राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी डॉक्टर मुद्दाम नागपूरहून आले. सामान ओट्यावर बांधून ठेवलं होतं, काका उन्हाचा काळा चष्मा लावून त्यावर बसले होते. डॉक्टर फार हळहळले. आता वणीत कोण पाहणार, म्हणाले. एवढ्या वर्षांचा विश्वास असा संपावा का? काकांनी सामानाची दोरी चाचपून पाहिली. मला ते पाहवलं नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो की इतकी वर्षं काकांच्या शेजारी बसलो आहे, लागलंच तर मी आहे.

काकू कुलूप लावत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुमी नुसतं बसत जा, मास्तर. कशाले हात लावू नका."