मामांना संदर्भ हवा

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीच्या वाट्याला आला. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. उद्या मामींनी ओरडून सांगितलं की तुमच्या सदऱ्याला आग लागलीय, तर मामा आधी चष्मा शोधतील, मग कपाट उघडून ज्ञानकोशाचा 'आ'चा खंड काढतील आणि आग म्हणजे नेमकं काय हे वाचून झाल्यावर सदऱ्याकडे बघतील.

हा ज्ञानकोश त्यांनी वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला. घरात तोवर धड खुर्ची नव्हती, पण कपाटभर जाडजूड लाल खंड होते. मामांचे वडील मेंढरं राखायचे, आणि मामांनी हे खंड वडिलांच्याच पद्धतीनं सांभाळले. उन्हाळ्यात गच्चीवर घोंगडी अंथरून त्यांना ऊन दाखवायचं, तिन्हीसांजेला आत घेताना एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायचं आणि शेवटी न चुकता सुस्कारा सोडायचा, "एक कमी हाय." कारण 'प'चा खंड त्या दुकानदाराकडेच नव्हता. टपरीवर चहा पिताना कुठल्या गोष्टीवरून वाद पेटला की मामा "थांबा, बघून येतो" म्हणत सायकलला टांग मारायचे. ते परत येईपर्यंत वाद घालणारे पांगलेले असायचे. मग मामा चहावाल्यालाच समोर उभं करून उत्तर ऐकवायचे आणि समाधानानं घरी जायचे.

'प'च्या कुठल्याही गोष्टीवर मात्र त्यांनी कधी मत दिलं नाही. पगार, पेरू, पोलीस, प्रेम, सगळ्यावर मौन. त्यात आली दुष्काळाची वर्षं. नळ आठवडा आठवडा कोरडे, टँकर गल्लीत शिरला की हंडे घेऊन पळापळ आणि बोलायला विषय दोनच, पाऊस आणि पाणी. मामा रांगेत तोंड मिटून उभे. कुणी विचारलं, "मामा, औंदा पडंल का हो पाऊस?" तर बिचारे ओशाळून म्हणायचे, "त्यो खंड आपल्याकडं नाय." आणि एवढी टंचाई असतानाही खंडाला शिवण्याआधी हात धुवायचा नेम काही मोडला नाही. मामी करवादायच्या, "प्यायला पानी नाय, अन् ह्यांचं आपलं पुस्तकाचं सोवळं!" हात धुतलेलं पाणी मामा कुंडीतल्या कढीपत्त्याला घालायचे. गल्लीतली सगळी झाडं सुकली, तो कढीपत्ता तेवढा माजला होता.

शेवटी माझ्या बायकोनं त्यांना मोबाईलवर ज्ञानकोश उघडून दिला. "मामा, ह्यात 'प' पण आहे." मामा सकाळपासून 'पाणी' वाचत बसले ते जेवायला उठेनात. पण हा कोश लोकच लिहितात, कुणीही त्यात भर घालू शकतं, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "कुनी बी? म्हंजी त्यो टँकरवाला बी?"

तरी एका गोष्टीनं त्यांना बांधून ठेवलं. दौलताबादच्या अंगाला असलेली त्यांची धनगरांची वाडी, जी लाल खंडांत कुठंच नव्हती, ती इथं होती. नाव आणि तालुका, बस्स. खरी वाडी तर दिवसेंदिवस नाहीशी होत चालली होती. शहर वाढत वाढत तिला येऊन भिडलं होतं आणि मेंढरांच्या कुरणात प्लॉटचे दगड रोवले गेले होते. निदान आपल्या वाडीची एक ओळ तरी जगात राहावी म्हणून मामांनी एका बोटानं घाम गाळत भर घातली : इथली विहीर कधीच आटत नाही.

संध्याकाळपर्यंत ओळ गायब! काढणाऱ्यानं कारण दिलं होतं, संदर्भ नाही. मामा तडक आमच्या घरी आले. "संदर्भ? अहो, मीच संदर्भ! बापासंगं त्या विहिरीवर मेंढरं पाजलीत म्या!" बायकोनं चहा पुढे केला. अर्धा कप पोटात गेल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "पन जावईबापू, मानूस लई पक्का हाय. आपल्यासारखाच इचारतो." त्या दिवसापासून मोबाईलवरचा कोश त्यांच्या विश्वासातला झाला. राहता राहिला संदर्भ. "तुमचं लिहिलेलं छापून येतं नव्हं? तुम्ही लिव्हा विहिरीचं. मंग मी तुमचा संदर्भ देतो."

मी लगेच तयार झालो. मामा दचकलेच. "न बघता? चला, आधी बघून येऊ."

स्कूटरवरून गेलो. वाटेत जाहिरातींचे फलक, नवीन रस्ते. मामा दोनदा वाट चुकले. विहिरीशेजारचा मेंढरांचा दगडी हौद कोरडा होता. मामांनी वाकून विहिरीत खडा टाकला. दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. शेळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबून म्हणाली, "आटली बाबा. प्लॉटवाल्यांनी चौबाजूंनी बोर पाडले, अन् वरून दुस्काळ."

मामा काठावर बसून राहिले. मला ते बघवेना. मी म्हणालो, "मामा, मी लिहितो की आटत नाही. कोण बघायला येतंय?"

"नाय जावईबापू. आटली म्हूनच लिव्हा." मग हौदावरून हात फिरवत म्हणाले, "पन इथं मेंढरं पानी प्यायची, ते बी लिव्हा. ते खोटं नाय."

तर लिहितो. दौलताबादच्या अंगाच्या त्या वाडीतली विहीर आटली आहे. पूर्वी तिथे मेंढरं पाणी प्यायची आणि मामांचे वडील त्यांना पाठीवर हात ठेवून मोजायचे.

हे सगळं मी परवा मामांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "पण मामा, माझ्यासारख्याचं लिहिणं संदर्भ म्हणून चालेल का?" मला वाटलं, आता उठून खंड काढतील. मामा कपाटाकडे वळलेसुद्धा नाहीत.

"तुम्ही लिव्हलंय नव्हं?" ते म्हणाले. "मंग चालंल."