स्क्रीन टूचे दिवे

स्क्रीन टूमध्ये दिवे लागले तेव्हा पिक्चर संपलेला नव्हता.

धुळ्याच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी प्रोजेक्शन पाहते. दिवे कधी लागायचे ते कॉम्प्युटरला आधी सांगून ठेवावं लागतं. त्याला क्यू म्हणतात. शेवटची नावं सुरू झाली की दिवे. इंग्रजी पिक्चरची नावं दहा मिनिटं चालतात, म्हणून मी एकूण वेळेतून सरळ दहा मिनिटं वजा केली. पिक्चर पाहिला नाही. हिंदीत डब केलेला अंतराळपट. इथल्या पब्लिकला यानं आणि स्फोट पुरतात, असं जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला वाटत होतं.

नावं सहाच मिनिटांची होती.

मी धावत खाली गेले. पडद्यावर एकटी अंतराळवीर मोडकं यान घेऊन पृथ्वीकडे येत होती, संपर्क तुटलेला. मधल्या रांगेत साठीचे एक गृहस्थ टोपी तोंडावर दाबून रडत होते. लख्ख उजेडात. पुढची पोरं वळून हसली. "नाना, पिक्चर शे तो!"

नाना उठले आणि बाहेर पडले. मागे त्यांची बायको, अक्का.

वॉकी-टॉकीवर मॅनेजर सर ओरडले, "स्क्रीन टूला उजेड कोणी केला?"

"क्यू चुकला, सर. माझाच."

"आधी बंद कर!"

दिवे बंद करून मी लॉबीत गेले. सॉरी म्हटलं, पुढच्या शोचे पास पुढे केले.

"आते परत रडाले येसू का?" नाना म्हणाले. पास घेतले नाहीत.

अक्का हळूच म्हणाल्या, "आमनी पोर बी जहाजवर शे. मालवाहू. महिना व्हयना, फोन नही."

नानांनी डोळे पुसले. "बाई, तू आठलीच, थेटरनीच शे ना? ती घर पोचनी का?"

मला पिक्चरचा शेवट माहीत नव्हता. तसं सांगता आलं असतं.

"हो, पोचली," मी म्हणाले.

"मंग बरं शे." ते खरंच हसले. नरडाण्याची बस गाठायला दोघं निघून गेले.

पुढच्या शोला मी मागच्या दारापाशी उभं राहून शेवट पाहिला. यान समुद्रात उतरतं. दार उघडतात. आत तिचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे, आईसाठी. ती जिवंत नाही. सगळं थिएटर गप्प होतं, आधीच्या शोतली हसणारी पोरंसुद्धा शेवटी अशीच झाली असतील.

क्यू दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. सरांनी दुसऱ्या दिवशी विषयही काढला नाही. आता मी प्रत्येक पिक्चरचा शेवट आधी पाहते. नानांचा नंबर मात्र मी घेतला नव्हता, आणि घेतला असता तरी फोन केला असता असं वाटत नाही.