तळघरातली हजेरी

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड टाकून बीडहून कारखान्यावर जायचं, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. वर्षातले सहा महिने मी शाळेत नसायचे, त्यामुळे गावच्या शाळेने माझं नाव दोनदा पटावरून कमी केलं. दोन्ही वेळा बापाने मजुरी बुडवून, हेडमास्तरांच्या दारात दिवसभर उभं राहून ते परत चढवून घेतलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. कुणाच्या मेहरबानीने नाही.

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. घाटात लिफ्ट मागणारी बाई, माळ्यावर वाजणारे पैंजण... ज्यांना कधी कशाची खरी भीती वाटली नाही, त्यांना असली भुतं परवडतात. उसाच्या फडाशेजारी झोपणाऱ्या पोरीला भीती वाटायची ती सापाची आणि मुकादमाची. तिसरं काही दिसलं नाही. तरीही हे लिहितेय, कारण मला खोटं बोलता येत नाही.

२०१४ सालची गोष्ट. आमच्या भागात एक फेराइन होती, म्हणजे हौशी मंडळींची नोंदणीकृत संस्था. आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या शाळेला ‘मदत’ करायची. मदत म्हणजे काय, तर बारावी झालेली इथली मुलं तीन-तीन महिने तिकडे पाठवायची. ती भिंतीवर जिराफ रंगवायची, पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायची आणि परत येऊन सांगायची, “त्यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी असतात!” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारखान्यावरच्या साखरशाळेत आमचेही असेच फोटो काढून नेले होते लोकांनी. आम्ही आनंदी नव्हतो. कॅमेरा समोर आला की कुणीही हसतं.

मग मी का गेले? यांना दाखवायला, की शिकवणं कशाला म्हणतात. फोनवर आई म्हणाली, “कशाला चाललीस गं तिकडं? तुला शिकवायला आलेल्या ताया इसरलीस व्हय?”

“म्हणूनच चाललेय,” मी म्हटलं.

“मंग तू बी ताईच की!” असं म्हणून ती हसली. मला राग आला होता.

फेब्रुवारीत चार आठवडे सुट्टी टाकून गेले. आठवीच्या तेवीस मुलांना गणित शिकवायला घेतलं, अपूर्णांकांपासून, संत्रं कापून. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर मुख्याध्यापक बांडा सर अगदी नम्रपणे म्हणाले, “मॅडम, छान शिकवलंत. फक्त एक... प्रत्येक पाहुणा अर्ध्यापासूनच सुरू करतो. या मुलांनी आज पाचव्यांदा संत्रं कापलेलं पाहिलं.” माझी इंजिनिअरिंगची डिग्री तिथेच खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना विचारून शिकवायला लागले.

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. आठवीचं हजेरीचं रजिस्टर जानेवारीत गायब झालं होतं. सर्वांना वाटत होतं, कुणा पोराने हरवलं. आणि जिल्ह्याच्या ऑफिसने स्पष्ट सांगितलं होतं, की एप्रिलअखेर मूळ रजिस्टर दाखवा, नाहीतर ही मुलं या वर्षी परीक्षेला बसणार नाहीत. मागच्या बाकावर चिकोंडी नावाची मुलगी होती, घोगऱ्या आवाजाची, वर्गात सगळ्यांत हुशार. बांडा सर म्हणाले, “हिचं वर्ष गेलं तर घरचे लग्न लावतील. पुढच्या वर्षी ती इथे नसेल.”

परत आल्यावर मी फेराइनच्या बैठकीत विचारलं, कुणी पाहिलंय का रजिस्टर? अध्यक्ष फ्राऊ हूबर दुखावल्या. “हे बघा, आमची मुलं चोर नाहीत!” जानेवारीपर्यंत तिकडे असलेला लुकास खांदे उडवून म्हणाला, “मी ऑफिशियल असं काहीच आणलं नाही.”

एप्रिलमधला शनिवार. फेराइनचा जुन्या बाजारात स्टॉल होता. दुपारी एकच्या सुमाराला फोल्डिंग टेबल आणायला मी एकटी त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात गेले. दिवा लावला. टेबलाला हात घातला, आणि मागच्या रॅककडून लहान मुलाचा आवाज आला.

“प्रेझेंट, सर.”

मग थोडी शांतता. मग दुसरा आवाज, “प्रेझेंट, सर.” परत शांतता. परत तिसरा.

मला वाटलं, कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. माझा बंद करून पाहिला. रेडिओ शोधला, खिडकी शोधली. खिडकी नव्हतीच. आवाज येत होते त्या खोक्यावर जाड मार्करने लिहिलं होतं – ‘डेको आफ्रिका’. एक अख्खा खंड यांच्या लेखी सजावटीचं सामान! आत लाकडी मुखवटे, रंगीत कापडं, एक ढोल... आणि कापडांच्या तळाशी, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर.

उघडलं. आवाज थांबले नाहीत. यादीवर बोट ठेवून मी ऐकत राहिले. पुढचा आवाज घोगरा होता. चार आठवडे ऐकलेला आवाज कुणी विसरत नाही. बोट सरकवलं, चिकोंडी, बारावा नंबर. तिच्यापुढे तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सगळे ओळखीचे. सतराला कुणीच बोललं नाही. मग एका मुलाचा आवाज आला, “सिक, सर.” तेवीसपर्यंत झालं आणि सगळं शांत. हजेरी घेणाऱ्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, ॲप्रन घातलेल्या, रागाने लाल.

“एक ते तीन रूहेत्साइट असते, माहीत नाही का? शांततेची वेळ! आणि मुलांना केलरमध्ये आणायला परवानगी नाही!”

“कुठली मुलं?” मी विचारलं.

“जी मघापासून ओरडतायत ती! वर्गच भरवलाय जणू.” त्यांनी रॅकच्या मागेसुद्धा वाकून पाहिलं. कुणी दिसेना, तेव्हा माझ्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, “मी तक्रार लावणार.” आणि लावलीसुद्धा! संध्याकाळी नोटीस बोर्डावर चिठ्ठी होती – शनिवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, तळघरात मुलांचा गोंगाट. या देशात भुताचीही वेळेसकट नोंद होते. ती चिठ्ठी मी काढून घेतली, आजही माझ्याकडे आहे.

बाहेर येऊन बांडा सरांना फोन लावला. उन्हाळ्यात त्यांचं आणि आमचं घड्याळ एकच असतं. विचारलं, “सर, आत्ता काय चाललं होतं?”

“शनिवारचा जादा वर्ग. आत्ताच सोडला. रजिस्टर नाही, पण हजेरी मी रोज तोंडपाठ घेतो, सोडण्याआधी. मुलांना वाटायला नको, की आपलं नाव कुठेच नाही.”

“सतरा नंबर आज आजारी होती?”

“मलेरिया. काल रात्रीपासून. मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “रजिस्टर मिळालं, सर.”

लुकासला स्टॉलवरच गाठलं. वही पाहून तो लाजलासुद्धा नाही. “हो, बरोबर, ही मीच आणली. आंडेंकेन म्हणून, आठवण! हाताने लिहिलेलं, इतकं ऑथेंटिक...”

“तुझं बारावीचं सर्टिफिकेट दे मला,” मी म्हटलं. “भिंतीवर लावीन. तेही फार ऑथेंटिक आहे.”

फ्राऊ हूबर मध्ये पडल्या, मुलगा लहान आहे म्हणाल्या. एकोणीस वर्षांचा! त्या वयात माझी आई मला पाठीशी बांधून ऊस तोडत होती.

आवाजांचं म्हणाल, तर मी सगळं तपासलं. रेकॉर्डिंग नव्हतं, स्पीकर नव्हता, इमारतीत त्या दिवशी एकही मूल नव्हतं. तिकडे सर तोंडपाठ घेत होते ती हजेरी त्याच वेळेला इथे रजिस्टरपाशी का ऐकू आली, आणि मी गेले त्याच दिवशी का, की आधीही रोज होत होती आणि खाली कुणी गेलंच नव्हतं... माहीत नाही. आईला सांगितलं, तर म्हणाली, “पोरं हाजर व्हती, बोलली. त्यात इतकं काय?” मी इंजिनिअर आहे, मला हे उत्तर चालत नाही. दुसरं माझ्याकडे नाही.

रजिस्टर मी सोमवारीच कुरिअरने पाठवलं. ते महिनाअखेरच्या चार दिवस आधी पोहोचलं. तेवीसच्या तेवीस मुलं परीक्षेला बसली, अठरा पास झाली. चिकोंडी पहिली आली. त्याच वर्षी ती सेकंडरी शाळेत गेली.