एनिड क्रॅबट्रीच्या खिडकीतले तीन कोट

एनिड क्रॅबट्री माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे तिचं शिवणयंत्र थांबलं की मला इकडे कळायचं. थॉर्नक्लफच्या लोकरीच्या गिरणीत ती बावीस वर्षं रफू करायला होती. मागावरून उतरलेल्या कापडावर हात फिरवायचा, बोटाला गाठ लागली की उकलायची, धागा तुटला असेल तर पुन्हा विणायचा. गिरणीला कुलूप लागलं त्याच वर्षी गावात टीव्हीवाले आले. ‘गुरुवारी दुकान बंद’ या त्यांच्या विनोदी मालिकेला यॉर्कशरमधलं चढउताराचं गाव हवं होतं, आणि कपडेपट सांभाळायला बाई. ते काम एनिडला मिळालं.

मालिका अगदी साधी. गुरुवारी दुपारी दुकानं बंद झाली की तीन म्हातारे मित्र टेकडीवर उंडारायला निघतात आणि काहीतरी उपद्व्याप करून ठेवतात. त्यातले दोघे शेवटपर्यंत तेच राहिले. तिसरा मात्र बदलत गेला. आजही आमच्या पबमध्ये दोन माणसं तावातावाने बोलत असली तर खुशाल समजा, तिसरा कोण चांगला यावरून जुंपली आहे.

या तिसऱ्याच्या जागी पहिला होता लेनर्ड पास्क. निवृत्त स्टेशनमास्तरचं काम करायचा. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत. नऊ वर्षं त्याने सगळ्या देशाला हसवलं आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेला.

त्याच्या जागी वॉल्टर डिन्सडेल आला. पात्रही नवं होतं, निवृत्त पोस्टमनचं. पण निर्माते हॅलमसाहेब धास्तावले होते. पास्कचा काळा कोट हातावर टाकून ते एनिडच्या कपड्यांच्या गाडीत शिरले.

“बाई, हा वॉल्टरच्या मापाचा करून द्या. लोकांना जरा ओळखीचं वाटेल.”

“नाही करणार.”

“म्हणजे?”

“नवा माणूस आणलात ना? मग त्याला नवा कोट घाला. मेलेल्याच्या कोटात जिवंत माणूस उभा केलात, तर लोक कोटाकडेच बघत बसतील.”

“लीड्सला शिंपी पुष्कळ आहेत.”

“आहेत की. बसनं जा, नॉर्मन सोडेल.”

नॉर्मन म्हणजे मी. लीड्सची बस मी चालवायचो. पण हॅलमसाहेबांना बसमध्ये बसायची वेळच आली नाही, कारण त्याच संध्याकाळी एनिड कात्री आणि तो काळा कोट, दोन्ही पिशवीत घालून घरी घेऊन आली.

रविवारी वॉल्टर तिच्या दारात उभा. मी अंगणात होतो, सगळं ऐकलं.

“मलाही तो कोट नको होता,” तो टोपी काढून म्हणाला. “पण मी बोललो असतो तर म्हणाले असते, आल्या आल्या नखरे सुरू.”

“आत या. हात वर करा आणि श्वास रोखू नका. पास्क रोखायचा, मग कोट घट्ट व्हायचा, म्हणून त्याला बटणांच्या दोन रांगा लावाव्या लागायच्या.”

मंगळवारी चित्रीकरण होतं. सोमवारी दुपारी वॉल्टरचा तपकिरी कोट तयार झाला, त्याला हात कोपरापर्यंत जातील एवढे खिसे. हॅलमसाहेबांकडे दुसरा कोट नव्हताच. ते एनिडला ना कधी ‘आभारी आहे’ म्हणाले, ना कधी त्यांनी तिला काढून टाकलं.

लोक वर्षभर कुरकुरले आणि मग वॉल्टरवर जीव टाकू लागले. सहा वर्षांनी तो मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि सेड्रिक लम आला, नाच शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरच्या भूमिकेत. काठीसारखा बारीक, बोलणं हळू. एनिडने त्याला फिकट राखाडी रंगाचा लांब कोट शिवला. तो रोज तासभर आधी यायचा आणि कोट घालून गाडीत बसायचा, उठायचा, परत बसायचा.

“काय चाललंय?” एनिडने एकदा विचारलं.

“हा माणूस कसा बसत असेल ते बघतोय.”

पण लेखक थकले होते. पास्कसाठी लिहून उरलेले विनोद ते सेड्रिकच्या तोंडी घालायचे. जाड माणसाच्या वजनाने बाक मोडलं तर हसू येतं. काडीपैलवानाच्या वजनाने मोडलं तर लोक म्हणतात, बाकच कच्चं होतं. मालिकेचे प्रेक्षक घटले, पत्रांचा पाऊस पडला आणि सगळं खापर सेड्रिकवर फुटलं. एकदा किराणा दुकानात रांगेतच एका बाईने त्याला गाठलं. म्हणाली, “तुम्ही आलात आणि आम्ही बघायचं सोडलं.”

“माफ करा,” सेड्रिक म्हणाला.

मागे एनिड उभी होती. “माफी कसली मागतोस रे? तू लिहितोस का ते?” आणि त्या बाईकडे वळून म्हणाली, “बघायचं सोडलंत ना? मग तुम्हाला काय ठाऊक तो काय करतो ते?”

दोन वर्षांनी वॉल्टरला ऑस्ट्रेलियाहून परत बोलावलं. सेड्रिकला एका वाक्यात वाटेला लावलं. दोघांपैकी एक म्हातारा म्हणतो, “तो गेला बहिणीकडे राहायला,” आणि दुसरा चहा ओततो, बस्स. ते चित्रीकरण झालं त्याच दिवशी राखाडी कोट तिने घरी आणून काळ्याशेजारी टांगला. मालिका संपल्यावर तपकिरीही तिथेच आला.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. एनिड एकोणऐंशीची झाली होती, तेव्हा गावच्या सभागृहात मालिकेचं कायमचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष क्लिफर्ड हॉर्सफॉल, भेटवस्तूंच्या दुकानाचा मालक. तो कोट मागायला आला तेव्हा मी तिच्याकडेच चहाला होतो.

“काळा आणि तपकिरी द्या, एनिड. राखाडी राहू दे.”

“का?”

“लोक पैसे देऊन आनंद घ्यायला येतात. त्यांना तो माणूस कशाला दाखवायचा?”

“तीन द्यायचे तर तीन, नाहीतर एकही नाही.”

“अहो, मालिकेच्या चाहत्यांच्या क्लबने मतदान घेतलं. तो शेवटचा आला.”

“तिघांत कोणीतरी शेवटचा येणारच, क्लिफर्ड. तुला शाळेत मोजायला शिकवलं नाही का?”

तो हात हलवत निघून गेला. एनिडने सेड्रिकला पत्र लिहिलं. तो मोरकॅम्बला समुद्रकाठी एकटाच राहत होता. चार दिवसांत उत्तर आलं. ते वाचून तिने कागद माझ्या हातात दिला. ‘माझं नाव कुठे लावू नका. दोन वर्षं लोकांनी पुरेसं ऐकवलं. आता या वयात परत नको.’

तो सगळा दिवस शिवणयंत्राचा आवाज आला नाही. या भांडणात आपण नेमके कोणाच्या बाजूने उभे आहोत, हेच तिला कळेनासं झालं होतं. संध्याकाळी तिने माझ्यासमोरच सेड्रिकला फोन लावला.

“तुझं नाव लावत नाही,” ती म्हणाली. “शब्द देते. पण कोट मी शिवलाय. तो मी ठेवीन तिथे राहील.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ ती नुसतं “हं, हं” करत होती. मग म्हणाली, “रड हवं तर. मी आहे फोनवर.”

दुसऱ्या आठवड्यात तिने रस्त्याकडच्या खिडकीपासचा सोफा हलवायला लावला आणि तीन कोट टांगले. दोन कोटांखाली नावाच्या पाट्या, तिसऱ्याखाली काही नाही. सभागृहाकडे जाणारा रस्ता आमच्याच दारावरून जातो. येणारा प्रत्येक जण खिडकीपाशी थांबायचा आणि विचारायचा, हा राखाडी कोणाचा?

“सेड्रिक लमचा,” ती दारातून सांगायची. “नाव लावणार नाही असा शब्द दिलाय, सांगणार नाही असा नाही.”

डॉन्कास्टरचा एक मनुष्य हुज्जत घालायलाच उभा राहिला. “बाई, पास्कच्या पासंगाला तरी पुरतो का तो?”

“पास्क एकटा हसवायचा. बाकी दोघे त्याच्या मागे खांबासारखे उभे. वॉल्टर आला तेव्हा त्या दोघांच्या वाट्याला चार वाक्यं आली. आणि सेड्रिक ऐकायचा. दुसरा बोलत असतो तेव्हा सेड्रिकच्या चेहऱ्याकडे बघितलंय कधी?”

“नाही.”

“मग घरी जाऊन बघा. नंतर भांडायला या, चहा देईन.”

तो खरोखरच परत आला, बायकोला घेऊन. मत बदललं नव्हतं त्याचं, थोडं मऊ झालं होतं इतकंच. एनिडने चहा दिला, आल्याचा केक दिला आणि पुन्हा तासभर भांडली.

दोन उन्हाळ्यांनंतर हॉर्सफॉल आला आणि म्हणाला, तिन्ही घेतो. सभागृहात चार माणसं येत होती, खिडकीपाशी चाळीस. एनिड माझा हात धरून जागा बघायला गेली. काळ्या आणि तपकिरी कोटांसाठी मधोमध काचेचं कपाट होतं. राखाडीसाठी दाराच्या मागे एक खुंटी.

“दार बंद केलं की दिसतो,” हॉर्सफॉल म्हणाला.

“आणि ते बंद कधी असतं?”

“रात्री.”

एनिडने हातमोजे चढवले आणि ती चालायला लागली. चढावर दोनदा थांबली, पण मागे वळून बघितलं नाही.

आता ती ब्याऐंशीची आहे. कोट तिच्या खिडकीतच आहेत. पश्चिमेचं ऊन एकाच टोकाच्या कोटाला लागून त्याचा रंग विटतो, म्हणून दर सोमवारी ती तिघांच्या जागा बदलते. शिडीवर चढायचं काम मी करतो. ती खालून सांगत असते, खांदा सरळ कर, बाही ओढ, अजून थोडी.