मोगऱ्याचे तीळ

आज सकाळी कुटुंबाने कपड्यांच्या पेटीतले कोळसे शेगडीत टाकले. दमट वास जावा म्हणून ते पेटीत वाळ्याच्या जुडीशेजारी ठेवलेले असतात. शेगडी तापली आणि कोळशांतून वाळ्याचा वास उठला. मी जागीच थांबलो.

चाळीस वर्षांमागे शनिवार पेठेत एका सरदारांच्या कोठीचा मी कारभारी होतो. अत्तरे विकणारा इब्राहीम गंधी मोगऱ्याच्या फुलांच्या थरांत मुरवलेले तीळ देत असे. सरदारांच्या लेकीच्या मंगळागौरीसाठी त्यांचे तेल काढायचे होते. तीळ मी स्वतः हुंगून पेटीत भरले, ओल लागू नये म्हणून कोळशाची पुरचुंडी आत ठेवली आणि वर माझी लाखेची मोहोर केली. श्रावणात पेटी उघडली. मोहोर शाबूत होती, तीळ तेवढेच होते, वास मात्र नव्हता.

"गंधी, साधे तीळ दिलेस."

"कारभारी, आपणच हुंगून घेतले होते."

"मग वासाला पाय फुटले?"

"मलाही उमगत नाही." त्याने कमरेची पिशवी सोडली. "हे त्यांतलेच, घरी उरलेले. पाहा."

मोगरा घमघमत होता. मला काहीच जुळेना. मोहोर माझी होती, बोट माझ्याकडे वळले असते, म्हणून दोष त्याचा ठरवला. सरदारांनी त्याला वाडा बंद केला. पाठोपाठ पेठेतल्या इतर घरांनीही दारे बंद केली.

कोळसा वास कसा धरून ठेवतो, हे मला आजही कळत नाही. पण तेवढ्याने माझी सुटका होत नाही. त्या दिवशी सरदारांनी विचारले होते, "त्याने काही पुरावा दाखवला?"

मी "नाही" म्हणालो होतो.